नोंद आधीं, प्रमाण मागाहून

जन्म-मृत्यु नोंदणीच्या कायद्यांत २०२३ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्याकडे आमच्या शहरवासीयांचें जितकें लक्ष जावयास पाहिजे होतें तितकें गेलें नाहीं. त्या वर्षाच्या १ आक्टोबरपासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतींत शाळेंतील प्रवेश, मतदारांच्या यादींत नांव, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहाची नोंद, सरकारी नेमणूक, आधार आणि पारपत्र, या साऱ्यांसाठीं जन्माची तारीख व ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला हाच कागद धरला जावयाचा आहे. पाठोपाठ महाराष्ट्र सरकारनें ११ मार्च २०२४ रोजीं असें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचें नांव सरकारी दप्तरांत बालकाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव या क्रमानें लिहिलें जावें. हे दोन्ही निर्णय आम्हांस पसंत आहेत. परंतु दोहोंचा मिळून परिणाम काय होणार, हें नीट पाहिलें पाहिजे. आजवर एका कागदावर चुकलेलें नांव दुसऱ्या कागदावर सुधारून घेण्यास थोडी तरी जागा होती. यापुढें पहिल्या कागदावर जीं अक्षरें पडतील तींच जन्मभर त्या मनुष्याच्या मागें चालतील. तेव्हां तीं अक्षरें कोण लिहितो, कोणत्या नियमानें लिहितो आणि लिहिल्यावर कोणास वाचून दाखवितो, हा प्रश्न आतां कारकुनीचा राहिला नसून हक्काचा झाला आहे. आणि जी गोष्ट मनुष्याच्या नांवाची, तीच गांवाच्या नांवाची व तीच रानांतल्या झाडापांखरांच्या नांवाची.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. नांवें जेथें नांदतात तेथें जाऊन तीं आधीं जशींच्या तशीं गोळा करावीं. मग व्यवहारासाठीं त्यांतील एक प्रमाण ठरवावें. आणि प्रमाण ठरल्यावर बाकीचीं टाकून न देतां त्यांचीहि नोंद कायम ठेवावी. आमच्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. कचेरींत बसून आधीं प्रमाण ठरतें, मग लोकांनीं त्या प्रमाणाप्रमाणें आपलें नांव बदलून घ्यावें अशी अपेक्षा केली जाते, आणि जुनें नांव कोणतें होतें हें विचारावयास गेल्यास कोणाच्याच वहींत तें सांपडत नाहीं.

कोर्टकचेऱ्यांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस हा अनुभव नवा नाहीं. बापाचें नांव सातबाऱ्यावर ‘पांडू’, शाळेच्या दाखल्यावर ‘पांडुरंग’ आणि बँकेच्या पुस्तकांत रोमन लिपींतलें तिसरेंच कांहीं. बाप वारल्यावर मुलांनीं प्रतिज्ञालेख करावा कीं हीं तिन्ही नांवें धारण करणारा इसम एकच होता. त्यासाठीं मुद्रांक, साक्षीदार, हेलपाटे, आणि इतकें करून एखाद्या भावकीनें हरकत घेतली कीं वर्षानुवर्षें चालणारा दावा. रोमन लिपीनें तर या घोटाळ्यांत मोठीच भर घातली आहे. ‘चौधरी’ हें आडनांव देवनागरींत लिहिणारा एकाच रीतीनें लिहितो. रोमन लिपींत त्याचीं चार-पांच रूपें सर्रास चालतात. पूर्वीं कारकून समोरच्या मनुष्याचें तोंड पाहून ‘हा तोच’ असें समजून घेई. आतां कागद यंत्र तपासतें. त्यास मनुष्य दिसत नाहीं, अक्षरें दिसतात. एक अक्षर जुळलें नाहीं कीं शिष्यवृत्ति अडते, निवृत्तिवेतन अडतें, आणि ज्याचें अडतें त्यानेंच आपण आपणच आहों असें सिद्ध करावयाचें असतें.

ही गोष्ट कोणास क्षुल्लक वाटत असेल तर त्यानें आसामकडे पाहावें. तेथील नागरिकांच्या नोंदवहीची अखेरची यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं प्रसिद्ध झाली, तेव्हां एकोणीस लाखांहून अधिक माणसें तिच्याबाहेर राहिलीं. त्या सर्वांची कारणें एक नव्हतीं, व त्या वादाचा निवाडा येथें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु बापाच्या नांवाचें एका कागदावर एक स्पेलिंग व दुसऱ्यावर दुसरें, यापायीं कैक गरीब कुटुंबांस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हें सर्वश्रुत आहे. नांवाचें एक अक्षर चुकणें म्हणजे काय, हें तेथल्या शेतकऱ्यास विचारावें.

हा गोंधळ एका दिवसांत झालेला नाहीं. परकी राज्यकर्त्यांनीं आमचीं नांवें आपल्या कानांस जशीं ऐकूं आलीं तशीं लिहिलीं. गोव्यांत पोर्तुगीज दप्तरांनीं शेणव्यांचे ‘सिनाय’ केले, प्रभूंचे ‘पोरोबो’ केले. तीं रूपें पिढ्यान् पिढ्या कागदोपत्रीं चालून अखेर कित्येक घरांचीं खरींच आडनांवें होऊन बसलीं. इंग्रजी अमलांत ठाण्याचें ‘थाना’, खडकीचें ‘किर्की’, वसईचें ‘बॅसीन’ झालें. एकाच गांवास दहा कचेऱ्या दहा प्रकारें लिहितात असें पाहून हंटर साहेबांनीं १८७१ सालीं हिंदुस्थानांतील विशेषनामांच्या लेखनाचे नियम व टपालाच्या गांवांची यादी छापली, आणि पुढें १८८१ सालीं निघालेल्या त्यांच्या गॅझेटियरांत त्याच पद्धतीचा अवलंब झाला. परकी मनुष्यानें परक्या लिपीसाठीं केलेलें तें काम होतें. तरीपण एक गोष्ट त्यास कळली होती कीं, नियम एकच असावा, तो छापून सर्वांस कळवावा, आणि जीं रूपें रूढीनें पक्कीं झालीं आहेत त्यांस उगीच हात लावूं नये. स्वराज्य येऊन इतकीं वर्षें लोटलीं, तरी आमच्या कचेऱ्यांत देवनागरी नांव रोमन लिपींत कसें उतरवावें याचा एक नियम खिडकीवर लावलेला आढळत नाहीं; खिडकीमागें जो बसेल त्याची मर्जी हाच नियम.

आतां मनुष्यांच्या नांवांकडे वळूं. येथें पहिलें तत्त्व असें कीं नांव ज्याचें त्याचें आहे; दप्तर हें त्याचें लेखक आहे, मालक नव्हे. परंतु नांव ठेवणारे आईबापच जेथें अन्याय करतात तेथें काय करावें? मुलाची वाट पाहत असतां पुन्हां मुलगी झाली म्हणून तिला ‘नकोशी’ म्हणणारीं घरें आमच्याच प्रांतांत आहेत. सातारा जिल्ह्यांत अशा मुली शोधून काढून २०११ सालीं सुमारें २८५ मुलींस जाहीर समारंभांत नवीं नांवें दिलीं गेलीं. त्या कामाची जितकी तारीफ करावी तितकी थोडी. त्यांत आमच्या विषयाचा धडा असा आहे कीं, त्या मुलींची यादी आधीं कोणी तरी घरोघर फिरून केली म्हणून पुढचें सारें घडलें. नोंद नसती तर दुःखहि दिसलें नसतें. आणि दुसरें असें कीं समारंभ एका दिवसाचा असतो, कागद जन्माचे असतात. शाळेच्या पटावर, जन्माच्या नोंदींत, शिधापत्रिकेवर, सर्वत्र नवें नांव चढलें तरच ती मुलगी त्या जुन्या नांवांतून सुटली; एरव्हीं तिच्या गळ्यांत दोन नांवें पडलीं व त्यांचा मेळ घालण्याचें ओझेंहि तिच्याच डोक्यावर आलें.

विवाहानंतर स्त्रीचें नांव बदलण्याच्या रूढीचाहि याच दृष्टीनें विचार झाला पाहिजे. लग्नानंतर आडनांव बदललेंच पाहिजे असा कायदा नाहीं. तरी आमच्याकडे कित्येक घरांत आडनांवच काय, स्वतःचें नांवहि बदललें जातें. हौसेचा प्रश्न असेल तेथें आम्ही आड येत नाहीं. परंतु २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला आहे, आणि तो हक्क मागावयास ती जेव्हां येते तेव्हां तिच्यापुढें पहिला प्रश्न हाच टाकला जातो कीं, ‘सासरच्या या नांवाची बाई म्हणजेच माहेरची ती मुलगी कशावरून?’ ज्या भावास वांटणी टाळावयाची आहे त्यास याहून सोयीचा मुद्दा कोणता मिळणार? म्हणून जन्माच्या नोंदींतलें नांव स्त्रीच्या सर्व कागदांत कायम उल्लेखिलें जावें, मग सासरीं तिला कोणी कांहींहि हांक मारो. आईचें नांव मुलाच्या नांवांत घालण्याचा जो निर्णय झाला आहे त्याचेंहि खरें मोल यांतच आहे: आईचें नांव एकदां मुलाच्या दाखल्यावर चढलें कीं तें सहजासहजीं पुसतां येत नाहीं.

गांवांच्या नांवांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण गांव एकाचें नसतें. महाराष्ट्राचा नकाशा उघडून पाहा. वडगांव, पिंपळगांव, बोरगांव, बाभुळगांव, पळसगांव यांची मोजदाद करणें कठीण. ज्या झाडाखालीं वस्ती बसली त्या झाडाचें नांव वस्तीस पडलें, आणि वस्तीच्या नांवावरून तेथून बाहेर पडलेल्या कुटुंबास आडनांव मिळालें. झाडावरून गांव आणि गांवावरून माणूस, अशी ही सांखळी आहे. म्हणूनच तिन्ही नांवांचा विचार आम्ही एके ठिकाणीं करीत आहों. एका नांवाचीं दोन गांवें शेजारीं आलीं तेव्हां पूर्वजांनीं फारसी शब्द घेऊन थोरल्यास बुद्रुक व धाकट्यास खुर्द म्हटलें. कोठें ‘बसवंत’, कोठें ‘मावळ’, कोठें ‘शेरी’ अशी ओळख जोडली. ही लोकांनीं स्वतः केलेली प्रमाणव्यवस्था होती, आणि ती आजहि चालते. व्यापाऱ्यांस हें सांगावयास नको. पत्त्यांतला ‘खुर्द’ राहिला कीं माल भलत्याच वखारींत जाऊन पडतो. सरकारनें आतां प्रत्येक खेड्यास आंकडा दिला आहे; २०११ च्या शिरगणतींत तो सहा आंकडी होता. आंकडा सोयीचा खरा, परंतु आंकड्यानें हिशेब जुळतो, ओळख पटत नाहीं. नदीच्या वळणाचें नांव, माळाचें नांव, शिवारांतल्या ओढ्याचें नांव, यांस आंकडेहि नाहींत. तीं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहेत व त्यांच्याबरोबर जात आहेत.

जिनिव्हा येथें १९६७ सालीं स्थळनामांच्या प्रमाणीकरणाविषयीं संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिनें सर्व राष्ट्रांस जी शिफारस केली तींत जागेवर जाऊन, स्थानिक लोकांस विचारून नांवें गोळा करणें हें काम कचेरींतील निवाड्याच्या आधीं घातलें आहे. आमच्या केंद्रीय गृहखात्यानेंहि १९५३ सालींच घालून दिलेल्या धोरणाचा सारांश असा कीं, सबळ कारणावांचून गांवांचीं रूढ नांवें बदलूं नयेत. दोन्ही तत्त्वें शहाणपणाचीं आहेत. मोठ्या शहरांच्या नामांतरांवर आमच्याकडे फार शाई खर्च होते. छत्रपति संभाजीनगर व धाराशिव हीं नांवें २०२३ सालीं आणि अहिल्यानगर हें २०२४ सालीं सरकारी झालीं. त्या वादाचे दोन्ही पक्ष वाचकांस पाठ आहेत व आम्ही ते पुन्हां उगाळीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, नांव बदललें तरी जुन्या नांवानें केलेलीं खरेदीखतें, गहाणखतें आणि दाखले तसेच राहतात. त्यांचा धनी उद्यां अडूं नये म्हणून जुन्या-नव्या नांवांची जोडयादी प्रत्येक नोंदणी कचेरींत टांगलेली असावी.

मात्र एका जातीचीं नांवें अशीं आहेत कीं तीं बदललींच पाहिजेत. वस्तीस जातीवरून पडलेलें नांव हें भूगोल सांगत नाहीं. तें तेथें राहणाऱ्याची पायरी सांगतें. पत्ता लिहितांच जात उघडी पडावी, नोकरीच्या अर्जावर ती वाचली जावी, हा अन्याय चालूं देणें कोणत्याहि सुधारलेल्या राज्यास शोभत नाहीं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानें अशीं वस्त्यांचीं नांवें काढून टाकण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्यें घेतला. तो योग्यच होता. परंतु येथेंहि आमचा क्रम विसरतां कामा नये. नवें नांव तालुक्याहून ठरून येऊं नये; ज्या वस्तीचें तें नांव आहे त्या वस्तीतल्या माणसांनीं, बायकांसुद्धां, तें निवडावें. जुनें नांव पत्त्यांतून व पाटीवरून जावें. पण जमिनीच्या जुन्या दप्तरांत तें शोधतां येईल इतकी नोंद बंद वहींत राहावी. कारण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच वतनाच्या व गांवठाणाच्या हक्काचा पुरावा पुष्कळदां त्या जुन्या नांवाखालीं असतो. अपमान पुसतांना हक्क पुसला जाऊं नये.

राहिलीं झाडाझुडपांचीं व पशुपक्ष्यांचीं नांवें. हा विषय विद्वानांच्या करमणुकीचा आहे असा पुष्कळांचा समज आहे. त्यांनीं काष्ठौषधींच्या पेठेंत एक फेरी मारावी. ‘ब्राह्मी’ मागितली तर एके ठिकाणीं जलब्राह्मी मिळते व दुसऱ्या ठिकाणीं मंडूकपर्णी. दोन्ही वनस्पति निराळ्या. ‘शंखपुष्पी’ या एका नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतांत तीन-चार वनस्पति विकल्या जातात व त्यांत गोकर्णहि येते. ‘अशोका’ची साल म्हणून सीतेच्या अशोकाऐवजीं रस्त्याकडेच्या उंच, सरळ वाढणाऱ्या शोभेच्या झाडाची साल पुडींत बांधली जाते. यांत लबाडी असते तितकाच नांवाचा घोटाळाहि असतो. आणि लबाडीस खरा आसरा त्या घोटाळ्याचाच मिळतो, कारण दोन्ही झाडांस लोक अशोकच म्हणतात. औषध घेणारी बाई आजारी असते. नांव चुकलें याचा दंड तिनें भरावा काय?

यावर उपाय म्हणून कोणी म्हणतील कीं लॅटिन नांवेंच चालवा. लिनियसनें १७५३ सालीं वनस्पतींस व १७५८ सालीं प्राण्यांस जी दुपदरी नांवांची पद्धत लावली, तिनें जगाचें मोठें काम केलें आहे व ती आम्हांस हवीच आहे. पण ती पद्धत कशावर उभी राहिली हेंहि पाहावें. मलबारांतील वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा भागांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला गेला व पुढें लिनियसनें त्याचा उपयोग केला. त्या ग्रंथाची माहिती इट्टी अच्युदन या मलबारी वैद्यानें आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोंकणी बोलणाऱ्या वैद्यांनीं पुरविली. या तिघांचा साक्षीलेख कोंकणी भाषेंत व देवनागरी लिपींत त्या ग्रंथाच्या आरंभींच छापलेला आहे. चित्रांवर वनस्पतींचीं नांवें रोमन, मल्याळी, अरबी व नागरी लिपींत कोरलीं आहेत. म्हणजे डच अधिकाऱ्यानेंहि देशी नांव आधीं घेतलें, सांगणाराचें नांव त्याच्याजवळ लिहिलें, आणि शास्त्राची मोहर मागाहून बसली. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाचेंहि तेंच. त्याची १८३१ ची पहिली आवृत्ति व १८५७ ची साठ हजार शब्दांची दुसरी, या दोहोंत जीं शेंकडों झाडांचीं नांवें सांपडतात तीं हाताखालच्या ब्राह्मण शास्त्र्यांनीं व इतरांनीं गोळा केलेलीं आहेत. पण शास्त्री रानांत जात नसत. धनगर, ठाकर, कातकरी, कोळी यांच्या तोंडचीं नांवें त्यामुळें पुष्कळ अंशीं बाहेरच राहिलीं.

तें राहिलेलें काम करण्याचें साधन आज कायद्यानें दिलेलें आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालीं प्रत्येक गांवीं समिति असावी व तिनें लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी योजना आहे. राष्ट्रीय हरित लवादानें त्यासाठीं ३१ जानेवारी २०२० ही मुदतहि घातली होती. परंतु मुदतीसाठीं वही भरणें निराळें आणि माहितीसाठीं भरणें निराळें. शेजारच्या गांवाची वही उतरवून काढली तर कागद पुरा होतो, नांवें मिळत नाहींत. दुसऱ्या बाजूस राज्याच्या जैवविविधता मंडळानें फुलपाखरांस मराठी नांवें देण्याचें स्तुत्य काम केलें. २०१५ सालीं राज्याचें फुलपाखरूं म्हणून जें निवडलें गेलें त्यास आतां ‘नीलवंत’ म्हणतात, आणि नांव गोड आहे. जेथें नांवच नाहीं तेथें नवें घडवावें, हें आम्हांस मान्य. पण घडविण्यापूर्वीं रानांतल्या माणसास विचारलेंच पाहिजे. कारण जें नांव त्यानें ठेवलें आहे त्यांत त्या प्राण्याची चाल, ऋतु किंवा उपयोग सांगितलेला असतो, आणि टेबलाशीं बसून केलेल्या नांवांत बहुधा केवळ रंग असतो.

कित्येकांचा आक्षेप असा आहे कीं प्रमाण ठरविणें म्हणजे विविधता मारणें. प्रमाण एकटेंच राहिलें तर हा आक्षेप खरा ठरेल. परंतु नोंदवहींत दहा नांवें असून व्यवहारासाठीं एक पुढें केलें, तर नऊ मरत नाहींत. उलट तीं कोणाची, कोठलीं हें कळून जगतात. नोंद नसल्यानेंच नांवें मरतात. दुसरा आक्षेप खर्चाचा. शाळेंतील मुलांस सुटींत आजोबांजवळ बसवून शिवारांतलीं नांवें लिहून आणावयास सांगण्यास कोणता खर्च येतो?

आमच्या सूचना अशा आहेत. पहिली: जन्माची नोंद करणाऱ्यानें लिहिलेलें नांव देवनागरींत व रोमन लिपींत आईबापांस वाचून दाखवून त्यांची सही घेतल्याखेरीज दाखला देऊं नये, आणि लिप्यंतराचा छापील नियम कचेरींत लावलेला असावा. दुसरी: केवळ अक्षराची उघड चूक असेल तर ती त्याच खिडकीवर, विनामूल्य, ठराविक दिवसांत दुरुस्त व्हावी व ती दुरुस्ती इतर दप्तरांस सरकारनेंच कळवावी, नागरिकास टपालवाला करूं नये. तिसरी: प्रत्येक ग्रामपंचायतींत एक नांववही असावी, तींत गांव, वाडी, ओढा, माळ, देवराई यांचीं जुनींनवीं नांवें गांवाच्या सरकारी आंकड्यासह लिहावीं. चौथी: जैवविविधतेच्या वहींत प्रत्येक नांवापुढें तें कोणत्या समाजांत, कोणत्या भागांत चालतें हें लिहून शास्त्रीय नांव शेजारीं द्यावें. पांचवी खुद्द व्यापाऱ्यांस: औषधाच्या बाटलीवर शास्त्रीय नांव घालण्याचा नियम कारखानदारास आहे; तोच शिरस्ता सुट्या मालाच्या पुडीवर व पोत्यावर पेठेनें आपण होऊन घालावा. त्यानें खऱ्या मालाची किंमत वाढेल आणि खोट्याची लपण्याची जागा जाईल.

वाचकांनीं सरकारची वाट न पाहतां दोन कामें आजच करावीं. घरांत लहान मूल असेल तर त्याचा जन्माचा दाखला काढून त्यावरचें प्रत्येक अक्षर तपासावें. नांव अद्याप घातलें नसेल तर तें घालून घ्यावें, कायद्यानें पंधरा वर्षेंपर्यंत तशी सोय आहे, पण उशिरा जाणाऱ्यास शुल्क पडतें व शाळा थांबत नाहीं. आणि घरांत म्हातारें माणूस असेल तर त्याजवळ वही घेऊन बसावें व गांवच्या शेतांचीं, झाडांचीं व पाणवठ्यांचीं नांवें उतरून घ्यावीं. पहिलें काम न केल्यास मुलास पुढें कोर्टाची पायरी चढावी लागेल. दुसरें न केल्यास कोणत्याच कोर्टांत दाद मागतां यावयाची नाहीं, कारण साक्ष देणारें माणूसच उरलेलें नसेल.